निर्व्यसनी असल्याचा दाखला

वडील गेल्यावर त्यांची ठासणीची बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. शाहूवाडीकडच्या आमच्या भातावर रानडुकरे उतरतात. बार काढून त्यांना हुसकावण्यासाठी वडिलांकडे पीक संरक्षणाचा परवाना होता. वारस म्हणून तो माझ्या नावावर व्हावा, असे घरात ठरले. शेती धाकटा भाऊ करतो; मी कोल्हापुरात शिक्षक, सुट्टीपुरता गावी जाणारा. तरीही कुणाला त्यात वावगे वाटले नाही. भाऊ तंबाखू मळतो, जत्रेत एकदा पिऊन भांडलाही होता. मी सुपारीसुद्धा खात नाही.

चौकशीला गावचे पोलीस पाटील आले. ते नात्याने आमचे चुलते.

"मास्तरचं काय लिवायचं? चहाबी अर्धा कप पितोय," ते म्हणाले आणि भावाकडे वळले. "ह्याला बंदूक दिली तर डुकरंच हसतील."

"हसू द्यात की आण्णा. वळकीचीच हायत माझ्या," भाऊ म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो. पाटलांनी मला निर्व्यसनी लिहिले.

त्या वेळी माझ्या खिशात गोळ्यांची पट्टी होती. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर वेदनेसाठी दिलेल्या त्या गोळ्या. वेदना काही महिन्यांत गेली, गोळ्या सहा वर्षे राहिल्या. जुनी चिठ्ठी दाखवून मी त्या शहरातल्या तीन वेगवेगळ्या दुकानांतून घेत असे. घेतल्या नाहीत तर हात कापत. घेतल्या की डोळ्यांवर झापड येई. आमच्याकडे व्यसन म्हणजे दारू, तंबाखू, गांजा. दुकानातून कागदी पिशवीत मिळते ते औषध. या समजुतीचा आडोसा मला फार सोयीचा होता.

परवान्यासाठी शासकीय रुग्णालयात झालेल्या तपासणीत मात्र तो आडोसा मिळाला नाही. डॉक्टरांनी स्पष्ट विचारले, "नशेच्या पदार्थांची किंवा गुंगीच्या औषधांची सवय?" औषधांची, हा शब्द मी नीट ऐकला आणि नाही म्हणालो. व्यसनाधीन माणसाला शस्त्र देऊ नये, माहिती दडवून मिळवलेला परवाना रद्द होतो, हे मला ठाऊक होते. शाळेत मी मुलांना नागरिकशास्त्रच शिकवतो.

परवाना मिळाला. दिवाळीच्या सुट्टीत मी राखणीला शेतातल्या माळ्यावर बसलो. दुपारी एकीऐवजी दोन गोळ्या घेतल्या होत्या. जाग आली ती भावाच्या हाकेने. दिवस मावळत होता. भरलेली बंदूक मांडीवरून घसरून तिची नळी शिडीकडे वळली होती, आणि शिडीवर भाऊ जेवणाचा डबा घेऊन उभा होता.

"दादा, झोपलास व्हय?" त्याने हाताने नळी बाजूला सारली. "दमलास. जा, घरला जा."

त्याला वाटले, मी दमलो आहे. मी तसेच वाटू दिले.

पुढच्या महिन्यात निवडणुकीमुळे शस्त्रे जमा करण्याचा आदेश आला. ठाण्यात रांगेत उभ्या असलेल्या परवानाधारकांची कुरकुर चालली होती. बंदूक टेबलावर ठेवून पावती घेताना मला सुटल्यासारखे वाटले. त्या सुटकेचीच मला धास्ती वाटली.

निकालानंतर भावाचा फोन आला. "बंदूक कधी आणतोस? डुकरांनी वरचा तुकडा लोळवला."

"आणणार नाही," मी म्हणालो आणि गोळ्यांचे सारे सांगितले, माळ्यावरचेही.

तो म्हणाला, "मी डबा वाजवून भागवतो. तू आधी डॉक्टरकडं जा."

मी गेलो. गोळ्या एकदम बंद करता येत नाहीत, म्हणून त्या हळूहळू कमी होत आहेत. परवाना परत करण्याचा अर्ज मी जिल्हाधिकारी कार्यालयात दिला. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहिले होते. ते खोडून खरे कारण लिहिले. त्यावर कारवाई होईल की नाही, हे अजून कळलेले नाही.

आता अर्ज भावाने केला आहे. चौकशीच्या दिवशी मी गावीच होतो. पाटलांनी या वेळी माझ्याकडे पाहिले नाही.

"तंबाखू खातोय, असं लिवायला लागंल," ते भावाला म्हणाले. "आन् जत्रंतलं भांडनबी."

"लिवा की," तो म्हणाला. "खोटं कुठं हाय?"