टायरच्या सोलचे बूट

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, हायवेवरच्या टोळ्या पकडल्या. त्यातल्या निम्म्या गोष्टी आता नीट क्रमाने सांगता येणार नाहीत. पण बुटांच्या एका जोडीची तक्रार काल झाल्यासारखी डोळ्यांसमोर आहे. ती आठवली की निवृत्त होऊनही माझं डोकं तापतं. बायको म्हणते, "अहो, सोडा आता ते." नाही सुटत, काय करू?

मी तेव्हा पनवेल भागातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. दिवाळी नुकतीच संपली होती. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी वाचत बसलो होतो, तेवढ्यात खारघरच्या एका टॉवरमध्ये राहणारे गृहस्थ आले. कुठल्याशा मोठ्या कंपनीत वरच्या हुद्द्यावर होते. आपट्याला नदीकाठी त्यांचं फार्महाऊस होतं, सुट्टीला तिथे जायचे. तक्रार अशी, की आठ दिवसांपूर्वी फार्महाऊसच्या कपाटातून त्यांचे उंची चामड्याचे बूट चोरीला गेले. संशय होता एका कातकरी गड्यावर. तो पूर्वी त्यांच्या बागेत काम करायचा आणि आता सोडून गेला होता.

बूट ह्या विषयावर गृहस्थ अर्धा तास बोलले. परदेशातून आणलेले, घोट्याच्या वर येणारे, तांबूस तपकिरी, हाताने शिवलेले. अस्सल कातडं म्हणजे काय आणि बाजारात मिळतं ते काय, यावर त्यांनी आमच्या ठाणे अंमलदाराचं बौद्धिकच घेतलं. मोबाइलवर बिलही दाखवलं.

"पैशाचा प्रश्नच नाही हो," ते म्हणाले. "प्रिन्सिपलचा प्रश्न आहे. ह्या लोकांना आज सोडलं ना, तर उद्या अख्खं घर धुऊन नेतील."

'ह्या लोकांना' हे मी ऐकलं आणि ऐकून सोडून दिलं. तिथे माझं पहिल्यांदा चुकलं.

बुटांमधलं मलाही थोडं कळतं. प्रशिक्षणात आमचा उस्ताद आधी बूट बघायचा, मग तोंड. त्याच्या शिव्या खात जे शिकलो ते आजवर पाळलं. बूट घ्यायचा तो संध्याकाळी, दिवसभर चालून पाय फुगलेला असतो तेव्हा. सकाळी मापात बसलेला बूट दुपारनंतर चावायला लागतो. एकच जोड रोज घालायचा नाही, घाम प्यालेल्या चामड्याला एक दिवस सुट्टी द्यायची. भिजला तर आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत ठेवायचा, उन्हात कधीच नाही. आणि आपट्यासारख्या नदीकाठच्या दमट जागी तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मुळीच ठेवायचा नाही, पंधरा दिवसांत बुरशीची दाढी येते. गृहस्थांना बूट विकत घेण्यातलं सगळं माहीत होतं. सांभाळण्याबद्दल मात्र ते एक अक्षर बोलले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण तेही मी सोडून दिलं.

अर्ज चौकशीवर ठेवला आणि बीट हवालदाराला कामाला लावलं. हवालदार अनुभवी होता, पण त्याचा हात पटकन उठायचा.

खबर आली ती एसटी स्टँडवरच्या चहावाल्याकडून. स्टँडबाहेर चपला-बूट शिवणाऱ्या एका गटई कामगाराचा पत्र्याचा स्टॉल आहे. तिथे दर शनिवारी एक आदिवासी गडी येतो, पायात साहेबासारखे बूट असतात आणि ते तो स्वतःच बसून घासतो, असं त्याने हवालदाराला फोनवर सांगितलं. शनिवारी सकाळी हवालदार गेला आणि त्या गड्याला उचलून घेऊन आला.

मी केबिनमधून बाहेर आलो तेव्हा तो भिंतीला टेकून उभा होता. तिशीचा, काटक, अंगात धुतलेला पांढरा शर्ट. बूट काढून घेऊन ठाणे अंमलदाराच्या टेबलावर ठेवले होते आणि तो गार फरशीवर अनवाणी. डाव्या गालावर चार बोटं उठली होती. बूट मात्र असे चमकत होते, की परेडला उस्तादाने शाबासकी दिली असती.

"कुठून चोरलेस?" मी विचारलं.

बघा, माझा पहिला प्रश्न हा. 'कुठून आणलेस' असं विचारता आलं असतं. इतक्या वर्षांची नोकरी, तरी जिभेवर तेच आलं.

"चोरलं नाय सायेब. दिलं मला."

"कोणी?"

"बंगल्याच्या सायबानी. श्रावनात कचरा खड्ड्यात टाकायचा व्हता. सायेब बोलले, ह्ये पन टाक. समदी बुरशी लागलेली, सोल लोंबत व्हता. मी इचारला, घेऊ का? बोलले, घे, मला तो वास नको."

"दुसरं कोणी होतं तिथे?"

"नाय. सायेब आन मी."

हवालदार हसला. "सगळे हेच सांगतात, साहेब. साहेबानेच दिलं म्हणे!"

त्या गड्याने हात जोडले. "सायेब, सोमवारी माजी डुटी हाय. खारघरला शिकुरिटीत. बूट पायजेत बोलले म्हनून ह्ये नीट केलं. आमच्या वाडीत म्हयन्याचा पगार कोनाला नाय, मीच पयला. केस झाली तर ती डुटी नाय भेटनार."

खरं होतं ते. एजन्सीवाले पोलीस पडताळणीशिवाय कोणाला उभं करत नाहीत. नावावर चोरीचा गुन्हा लागला, की तो पुढे सुटला काय आणि न सुटला काय, गेटवरची नोकरी गेलीच. त्याचं सगळं त्या सोमवारवर अडकलं होतं, आणि तो निर्णय माझ्या एका सहीचा होता.

मी बूट हातात घेतला आणि उलटा केला. तळाला चामडं नव्हतंच. टायरचं काळं रबर होतं, खाचांसकट, कडेने दोऱ्याची जाड शिलाई. टाचेला ते एका बाजूने झिजलंसुद्धा होतं. आता मला सांगा, आठ दिवसांत टायर झिजतो का? आत बोट घातलं तर पुढच्या टोकाला चिंधी कोंबलेली, म्हणजे बूट मापाने मोठा होता. आणि आतल्या तळव्यावर पाच बोटांचे ठसे स्पष्ट उमटलेले, एकमेकांपासून फाकलेली बोटं, जन्मभर अनवाणी चाललेल्या पायाची.

"त्या स्टॉलवाल्याला काय विचारलंस?" मी हवालदाराला विचारलं.

"त्याला काय विचारायचं, साहेब? बूट तर ह्याच्या पायात होते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हवालदाराला काय बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. त्या गड्याला चहा पाजला, उद्या सकाळी ये म्हणून सांगितलं आणि सोडलं. बूट चौकशीसाठी ठेवून घ्यावे लागले. तो तसाच अनवाणी स्टँडकडे गेला.

त्यामागोमाग मीही स्टॉलवर गेलो. स्टॉलवाले साठीच्या पुढचे, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. गणवेश बघूनही ते उठले नाहीत.

"आलात का?" ते म्हणाले. "माझ्यासमोर तुमच्या हवालदाराने पोराच्या कानाखाली वाजवली. त्याचं काम कोणी केलं, कधी केलं, हे मला एका शब्दाने विचारलं नाही. मी काय दगड आहे?"

"चुकलं, काका," मी म्हणालो. "आता सांगा."

त्यांनी सांगितलं. गणपतीच्या आधी पंधरा दिवस तो बूट घेऊन आला होता. चामडं लाकडासारखं कडक, आत बुरशी, सोल कुजलेला. काकांनी तर टाकून दे म्हणून सांगितलं होतं. तो ऐकेना. मग त्यांनी त्याला ओल्या फडक्याने बुरशी पुसायला लावली, तीन दिवस सावलीत ठेवायला लावलं, एरंडेल आणि मेण थोडं थोडं जिरवायला शिकवलं. कुजलेला सोल काढून टायरचा मात्र काकांनीच, गणपती बसायच्या आधी लावून दिला. "घाई केलीस तर चामडं तडकेल, असं सांगितलं त्याला. महिनाभर दर शनिवारी यायचा. माझ्याकडे पैसे देऊन पॉलिश करणारे साहेबलोक येतात, त्यातल्या एकाला एवढा धीर नाही."

"जुना सोल काय केलात?"

काकांनी खालची पेटी ओढली आणि चामड्याचे दोन तुकडे माझ्या हातात ठेवले. "पुढचा भाग कुजलेला, तो फेकला. टाचेकडचं चामडं चांगलं होतं. त्यातलं निम्मं चार जणांच्या टाचांना लागलं, हे उरलंय." एका तुकड्यावर कंपनीचा दाबलेला शिक्का होता. तक्रारदाराच्या बिलावर होता तोच.

मी तुकडे ताब्यात घेतले, काकांचा जबाब तिथेच लिहून घेतला.

रविवारी तक्रारदारांना बोलावलं. बूट कपाटात ठेवले आणि आधी नवा जबाब घेतला. मुद्देमाल दाखवण्याआधी वर्णन लिहून घ्यायचं, ही आमची साधी पद्धत.

"बूट शेवटचे कधी घातलेत?"

"दिवाळीच्या दोन दिवस आधी. पार्टीला."

"सोल कसला?"

"लेदर. ओरिजिनल. मी रबर लावूच देत नाही, त्याने बुटाची सगळी मजा जाते."

"नक्की?"

"अहो, माझे बूट आहेत ते!"

सही घेतली. मग बूट काढून टेबलावर उलटे ठेवले, शेजारी चामड्याचे दोन तुकडे. गणपतीच्या आधी ज्याला टायर लागला, तो बूट त्यांनी दिवाळीला चामड्याच्या सोलसकट घातला होता! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"हे... मी दिले असतील," ते म्हणाले. "आठवत नाही."

"मघाशी आठवत होतं. पार्टीसकट."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. हा गडी दिवाळीत नोकरीचं सांगायला, पाया पडायला फार्महाऊसवर गेला होता. हेच बूट घालून. तिथे मित्रमंडळी बसली होती. त्यातला एक म्हणाला, "अरे, तुझ्या माळ्याचे बूट तुझ्यापेक्षा भारी आहेत!" सगळे हसले. ते हसणं ह्यांना झोंबलं.

"पण मी असे नव्हते दिले, साहेब!" गृहस्थ एकदम चढ्या आवाजात म्हणाले. "तेव्हा ते खराब होते. असे होतील हे माहीत असतं, तर दिले असते का?"

मी नोकरीत पुष्कळ निर्लज्जपणा ऐकलाय. पण इतक्या सरळ चेहऱ्याने बोललेला नाही. तुम्ही ते न सांभाळता कुजवलेत, खड्ड्यात टाकायला सांगितलेत. एका माणसाने महिनाभर खपून ते जिवंत केले, आणि आता ते तुमचे? आयत्या बिळावर नागोबा! आणि त्यासाठी त्याला तुरुंगात घालायला निघालात? हे सगळं मी त्यांना तोंडावर बोललो, ठाण्यातली सगळी माणसं दारात गोळा होईपर्यंत बोललो.

खोटी माहिती दिल्याबद्दल त्यांच्यावर कारवाई करायची मी ठरवलं होतं. अर्ध्या तासात वरून फोन आला. 'सज्जन माणूस आहे, गैरसमज झाला, मिटवून टाका.' मी मिटवलं. तक्रार मागे घेतल्याचं लिहून घेतलं आणि त्यांना जाऊ दिलं. जाताना आमच्याच शिपायाने त्यांच्या गाडीचं दार उघडलं. ह्या गड्याच्या गालावर बोटं उठली, आणि त्यांना नमस्कार! त्या दिवशी मी ऐकायला नको होतं. तो राग कोणावर काढू? दोष माझाच आहे.

गडी सकाळी आठपासून बाहेरच्या बाकावर बसला होता. मी बूट त्याच्या हातात दिले. म्हणालो, "घाल. उद्या ड्युटीवर जा. तुझ्यावर काही नाही." हवालदारालाही पुढे बोलावलं आणि माफी मागायला लावली. त्याने मागितली, मान खाली घालून.

गड्याने बूट घातले नाहीत. छातीशी धरून तसाच उभा राहिला.

"काय झालं?"

"सायेब, एक कागद द्या ना लिवून. ह्ये माजं हायत म्हनून. तुमी आज हायत इथं. उद्या दुसरा कोन पकडेल."

मी ठाण्याच्या कागदावर लिहिलं, की अर्जाची चौकशी केली, सदर बूट याच इसमाच्या मालकीचे असल्याची खात्री झाली आहे. खाली सही, गोल शिक्का. त्याने तो कागद दोन्ही हातांनी घेतला, बाकावर बसला आणि मग बूट घातले. मला बरं वाटलं. वाटलं, चला, शेवट तरी नीट झाला.

पुढे काही महिन्यांनी एका कामासाठी खारघरला गेलो होतो. एका सोसायटीच्या गेटवर गार्डने खाडकन सॅल्यूट ठोकला. बघतो तर तोच. निळा गणवेश, कडक इस्त्री. मला इतका आनंद झाला, की गाडीतून उतरून त्याच्या पाठीवर थाप मारली.

"काय रे, तो कागद आहे का अजून?" मी चेष्टेने विचारलं.

त्याने खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत घडी केलेला कागद होता, घड्यांवर फाटत आलेला.

"लय कामाला आला, सायेब. तीन येला दाखवला."

"कोणाला?"

"एकदा बसमंदी. एकदा सुपरवायझरला. एकदा हितंच, एक मॅडम बोलल्या, वाचमनकडं असले बूट कुठून आले?"

तो हे अगदी सहज सांगत होता, तक्रार म्हणून नाही. मला वाटत होतं मी केस मिटवली. मी एका माणसाला त्याच्या पायातल्या वस्तूचा परवाना दिला होता, आणि तो त्याला पुन्हा पुन्हा दाखवावा लागत होता.

त्या केसने मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर तपासाच्या युक्त्या सांगता येतील. ठसे बघा, झीज बघा, साक्षीदाराला विचारा. पण मला खरं जे कळलं ते लाज वाटण्यासारखं आहे. माझ्या घरी दाराशी पाच जोड बूट आहेत. त्यांतल्या एकाचाही कागद माझ्याकडे नाही, आणि आजवर कोणी मागितलेला नाही.