नाव न घेता

आमच्या मंडळीत एखादी गोष्ट झाकून ठेवायची असेल तर एवढंच पाळायचं, तिच्यासाठी प्रार्थना करा असं कोणाला सांगायचं नाही. मंडळी म्हणजे आम्ही सुरतजवळच्या उधन्यातली मराठी ख्रिस्ती घरं. नगरकडून, जालन्याकडून लूमवर आणि डाइंग मिलमध्ये कामाला आलेली माणसं. पोरं आता इथंच वाढून आपसांत गुजराती बोलतात. रविवारची उपासना भाड्याच्या हॉलमध्ये होते आणि दर शुक्रवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थना सभा. दोन गाणी, वचन, आणि मग पाळकसाहेब चष्मा काढून म्हणतात, "प्रार्थनेचे विषय सांगा." इथून पुढे जे चालतं त्याने माझं डोकं फिरतं. "एका भावाचं पिणं सुटावं म्हणून," असं एखादी बाई डोळे मिटून म्हणते आणि बाकीच्या डोळे उघडून त्या भावाच्या बायकोकडे बघतात. नाव कोणी घेत नाही. नाव घेणं आमच्यात वाईट समजतात.

माझी धाकटी जाऊ आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहते. दीर लूमवर आहे, बारा तासांची ड्यूटी. ती घरी बसून साड्यांना लेस लावते. पर्वत पाटियाच्या व्यापाऱ्यांकडून साड्यांचे गठ्ठे येतात, शिवून परत जातात. मुलगी कॉलेजात, मुलगा दहावीला. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी मी शाळेत शिकवून घरी येऊन चप्पल काढते तोच ती वर आली, दार लोटून घेतलं आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "बाई, मला दिवस गेलेत."

मला आधी हसू आलं. मग तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू जागच्या जागी राहिलं. चाळिशी उलटलेली बाई. पाळी बंद व्हायची वेळ आली असेल असं समजून ती इतके दिवस गप्प बसली होती, आणि आता डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की तिसरा महिना लागलाय.

"बारडोलीचे लोक पोरीला बघायला येणारेत. मी पोट घेऊन त्यांच्यापुढं चहा न्यायचा का? वर ही बीपीची गोळी. मला नको हे, बाई. डॉक्टरीण म्हणली, कायद्यात बसतंय, तुमचं तुम्ही ठरवा."

"आणि तो काय म्हणतो?"

"ते काय म्हणणार! तुला पटंल तसं कर म्हणले आणि डबा घेऊन ड्यूटीला गेले."

दिराचा मला असा संताप आला की तो समोर असता तर तोच डबा त्याच्या हातातून हिसकावून घेतला असता. तुला पटेल तसं कर! जणू पडद्याचा रंग निवडायचाय.

मी काय मानते ते इथं सरळ सांगते, नाहीतर पुढचं वाचून कोणी भलताच अर्थ लावायचा. पोटातला जीव हा जीव आहे, तो देवाने दिलेला असतो आणि तो काढून टाकणं पाप आहे, असं मी मानते. संडे स्कूलमध्ये शिकवलं म्हणून मानत होतेच, पण पुढे लग्नानंतर माझं दोनदा पडलं. "अजून काही आकार नव्हता, मनाला लावून घेऊ नको," असं ज्यांनी ज्यांनी मला सांगितलं त्यांचं मला कधी पटलं नाही. माझं मूलच गेलं होतं. त्यामुळे जावेला मी आडपडदा न ठेवता सांगितलं, मला विचारत असशील तर ठेव. ती रडली. मग मी असंही म्हटलं की शाळेतून आल्यावर मूल माझ्याकडे. दुपारनंतर तू खुशाल तुझी लेस लाव. पाप पाप म्हणायचं आणि लंगोट धुवायला मात्र तिने एकटीने बसायचं, हे मला जमणारं नव्हतं.

ती लगेच हो म्हणाली नाही. पण पुढच्या आठवड्यात तिचा सूर बदलत गेला. एकदा जिन्यात थांबून म्हणाली, लग्न पुढच्या वर्षी ढकलता येईल, पोरीलाही शिकायचंच आहे. गुरुवारी वर आली आणि उगाच इकडची तिकडची बोलून शेवटी विचारलं, "बाई, आमच्या पोरांची जुनी दुपटी तुमच्या माळ्यावर हायेत का वं?" मी स्टूल घेऊन लगेच माळ्यावर चढले. गुडघे दुखत होते आणि मी हसत होते.

फक्त एक गोष्ट तिने त्याच संध्याकाळी केली. मनाला बळ मिळावं म्हणून पाळकीणबाईंकडे गेली आणि म्हणाली, माझ्यासाठी प्रार्थना करा.

दुसऱ्या दिवशीच्या सभेला ती आली नाही, मळमळत होतं. तिची मुलगी माझ्याबरोबर आली. भिंतीला टेकून, मांडीवर गीतांचं पुस्तक घेऊन बसली होती. घर दोन खोल्यांचं, माणसं दाटीवाटीने, पंख्याचा आवाज जास्त आणि वारा कमी. पाळकसाहेबांनी चष्मा काढला. कोणाचा व्हिसा झाला, कोणाचा मूतखडा झाला, आणि मग पाळकीणबाईंनी गळा साफ केला.

"आपल्या मंडळीतली एक बहीण मोठ्या परीक्षेत आहे. मी नाव घेत नाही. या वयात प्रभूने तिची कूस उघडली आहे, पण सैतान तिच्या मनात घालतोय की हे मूल नको. घरी उपवर मुलगी आहे, बारडोलीचं स्थळ आहे, म्हणून ती लाजते. प्रभूने तिला त्या पापापासून राखावं."

मी डोळे उघडले. जवळजवळ सगळ्यांनीच उघडले होते. पोरीला अजून उमगलं नव्हतं. तीही बाकीच्यांसारखी कोण असेल म्हणून इकडे तिकडे बघत होती. मग तिच्या लक्षात आलं की सगळे आपल्याकडेच बघतायत. आपल्या आईला दिवस गेलेत आणि आई ते पाडायचं म्हणत होती, हे दोन्ही त्या पोरीला एका दमात, गावासमोर कळलं. तिचे कान लाल झालेले मला दिसत होते. आणि हे सगळं कमी पडलं म्हणून की काय, आमच्या पंचमंडळातले एक गृहस्थ उठून मोठ्याने प्रार्थना करायला लागले. हत्या, रक्त, न्याय, सगळं आलं त्यात. प्रार्थना देवाला होती पण आवाज खालच्या गल्लीपर्यंत जावा इतका होता.

आमेन झाल्यावर मी उभी राहिले. म्हटलं, विषय झाला, आता कामाचं बोलू. त्या बहिणीने मूल ठेवलं तर बाळंतपणात तिच्या घरी स्वयंपाकाला कोण येणार? दवाखान्यात तिच्याजवळ कोण राहणार? सांगा, मी आत्ताच वार ठरवून टाकते. सगळ्या बायका आपापल्या पिशव्यांत काहीतरी शोधायला लागल्या. प्रार्थना करणारे गृहस्थ म्हणाले, "प्रभू मार्ग काढील, मॅडम." पाळकीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, तुम्ही चिडू नका. मी नाव घेतलं नाही हं." त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी मोठा संयम पाळला. अशा माणसाशी भांडायचं तरी कुठून सुरू करायचं? खारी बिस्किटं आली, चहा आला. मी न पिता पोरीला घेऊन निघाले. रस्ताभर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि घरी गेल्यावर आईशीही बोलली नाही.

मंगळवारी जाऊ वर आली. या वेळी रडत नव्हती.

"उद्या दवाखान्यात जायचंय. ह्यांची ड्यूटी हाय. तुम्ही येताल का?"

मी तिला खूप बोलले. रागावले, विनवलं, दुपट्यांची पिशवी काढून दाखवली. लोकांवरचा राग त्या जिवावर काढू नको म्हटलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि परत तेच विचारलं, "येताल का?" येत नाही म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं. मग वाटलं, मी नाही म्हटलं तर ती एकटी जाईल, आणि जाणार तर आहेच. शाळेत रजा कळवली.

दवाखान्यातल्या बाकावर बसून मी प्रार्थना करायला डोळे मिटले, पण शब्दच फुटेना. ज्याला वाचव म्हणायचं तो जीव पलीकडच्या खोलीत जात होता आणि मी बाहेर तिची पर्स सांभाळत होते. मला सगळ्यांचा राग येत होता, तिचासुद्धा, देवाचासुद्धा. परत येताना रिक्षात ती बाहेर रस्त्याकडे बघत म्हणाली, "रविवारी पोरीचे केस विंचरताना सांगणार होते मी तिला. माझ्या तोंडानं. ती काय म्हणती ते बघून ठरवणार होते." मग म्हणाली, "तिनं माझ्याकडं बघणंच सोडलं, बाई. तशा घरात ते लेकरू कसं आणायचं?"

पुढचा रविवार प्रभुभोजनाचा होता. बातमी तोवर पोचली होती. कशी पोचली ते आता काय सांगायचं. पाळकसाहेबांनी भाकर हातात घेण्याआधी, प्रत्येकाने आपली परीक्षा करावी आणि मगच पुढे यावं, असं दोनदा म्हटलं आणि दोन्ही वेळा आमच्या रांगेकडे बघितलं. पाळकीणबाई सगळ्यांत आधी उठल्या. त्यांच्या मागे ते पंच, मग बाकीचे, मग माझा नवरा आणि दीर. दीरसुद्धा गेला! जावेने पदर पुढे ओढला आणि खुर्चीतच बसून राहिली.

मी तिच्याशेजारी बसून राहिले. जे झालं ते पापच झालं, आजही माझं तेच म्हणणं आहे. पण ते सगळं तिच्या एकटीच्या माथी मारून हात पुसून मोकळ्या झालेल्या त्या रांगेत मला उभं राहायचं नव्हतं.

"तुम्ही जावा, बाई. लोक बघत्यात," ती पुटपुटली.

"बघू देत."

नवरा पुढून डोळ्यांनी खुणा करत होता. मी त्याच्याकडे बघितलंच नाही. पोरगी रांगेत बरीच पुढे पोचली होती. तिच्यापुढे दोन-तीनच माणसं उरली असतील तेव्हा तिने मागे वळून आमच्याकडे बघितलं. मग ती रांगेतून बाहेर पडली आणि सगळ्या हॉलदेखत, खुर्च्यांना धक्के देत मागे आली.

"मम्मी, सरक ना जरा," ती म्हणाली आणि आईला खेटून बसली.