उभ्याने झोपणारं सिलिंडर

सिलिंडर आडवं करायचं नाही. एवढं एकच वाक्य. ते बेला गावातल्या एका वेल्डिंगच्या दुकानात पोचवायला मला एका दसऱ्यापासून दुसऱ्या दसऱ्यापर्यंतचा वेळ लागला. आणि त्या दुकानात माझा सख्खा मोठा भाऊ कामाला होता. परक्या दुकानांचं तर विचारूच नका.

दुकान आदिलाबादच्या रस्त्यावर, टिनाच्या छपराचं. बैलबंडीचे आख, निंदणीच्या डवऱ्याच्या लोखंडी पासा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे हूक, सगळं तिथे यायचं. मालकाला अख्खं गाव मिस्त्री म्हणायचं, मी मिस्त्रीकाका. माझे आजोबा याच गावात लोकांच्या शेतावर राबले, वडील मास्तर झाले, मी शिकायला चंद्रपूरला गेले. दादाला पुस्तकापेक्षा आग आवडली. वडिलांना ते कधी पटलं नाही, पण दादा वेल्डिंगची टॉर्च धरून बसला की त्याचा चेहरा वडील वर्गात शिकवतात तेव्हा होतो तसाच व्हायचा. हे मी घरी बोलले नाही.

चंद्रपूरला मी कामगारांच्या सुरक्षिततेसाठी पत्रकं काढणाऱ्या एका लहानशा गटात शिरले. तिथे लिहायला शिकले. मथळा मोठा, वाक्य आखूड, शेवटी उद्गारचिन्ह. अजूनही लिहिताना हात उद्गारचिन्हाकडे जातो, तो आवरावा लागतो.

दुकानात दोन सिलिंडरं असायची. काळं ऑक्सिजनचं, तपकिरी-लाल ॲसिटिलीनचं. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, दुसऱ्याला पेटवतो. ॲसिटिलीन पेटतो, आणि असा पेटतो की लोखंडाचं पाणी होतं. सरकारी वर्गवारीत तो दुसऱ्या वर्गात, ज्वलनशील वायूंमध्ये. त्याची खूण म्हणजे कोनावर उभा केलेला लाल चौकोन, आत ज्वाळेचं चित्र, खाली दोनचा आकडा. वर्गवारी हा शब्द ऐकला की आमच्यासारख्या घरातल्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. माणसांची वर्गवारी करून काय केलं गेलं ते आम्हाला पुस्तकातून वाचावं लागत नाही. पण वस्तूंची वर्गवारी मला आवडते. ती कुणाला हलकं ठरवत नाही. याच्याशी कसं वागायचं, एवढंच सांगते.

तर हा वायू नुसता दाबून भरला तर आपोआप फुटू शकतो. म्हणून सिलिंडरच्या आत खडूसारखा भोकाभोकांचा दगड असतो, त्यात ॲसिटोन नावाचं पातळ रसायन मुरवलेलं असतं, आणि त्या रसायनात वायू विरघळवतात. सिलिंडर आडवं केलं की ते पातळ तोंडाशी येतं. मग उभं करून लगेच वरची, काढता-घालता येणारी चावी फिरवली, तर वायूबरोबर तेही बाहेर येतं आणि ज्योत सरळ जळायची सोडून पेटते थेंब थुंकते. आडवं झालेलं सिलिंडर उभं करून कित्येक तास तसंच राहू द्यावं लागतं. हे सगळं सिलिंडरच्या कागदावर लिहिलेलं असायचं, इंग्रजीत. गॅसवाल्याच्या गोदामाच्या पाटीवर तेलुगूत. दुकानात वाचता येणारे होते ते मराठी वाचणारे. आंध्र प्रदेशाच्या नकाशात आम्ही अगदी वरच्या काठावर. तिथपर्यंत सिलिंडर येतं, त्याचा इशारा येत नाही. याचा मला तेव्हाही संताप होता, आजही आहे.

आता खांडेनवमी, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची हत्यारांची पूजा. त्या दिवशी मिस्त्रीकाका दुकान धुऊन काढायचे. नवं धोतर फाडून जमिनीवर अंथरायचे आणि त्यावर सगळी हत्यारं झोपवायचे. घण, पाने, कानशी, पकडी, टॉर्च, आणि सगळ्यांच्या उशाला दोन्ही सिलिंडरं. वर्षभर उभं राहून राबलेल्या वस्तूला अंग टाकू द्यायचं, ही त्यांची रीत. मग हळद, कुंकू, झेंडूच्या माळा. लाल चौकोनातल्या ज्वाळेवर तर ते हमखास कुंकवाचं बोट ठेवायचे. "हे पाय, कंपनीवाल्यानं बी दिवा काढून देल्ला," असं कौतुकाने म्हणायचे. दसऱ्याला दुकान बंद, दिवा मात्र तेवत ठेवलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सिलिंडरं उठवायची आणि त्या पूजेच्या दिव्यावरच टॉर्च पेटवायची. वर्षाची पहिली ज्योत. ती पेटवायचा मान हात चांगला असलेल्या कारागिराचा, म्हणजे दादाचा.

दादा पूजेच्या वेळी बाहेर उभा राहायचा. आम्ही त्या दिवसांत पांढरे कपडे घालून विहारात जाणारी माणसं. त्याला कुणी आत बोलवायचं नाही, तोही जायचा नाही, प्रसाद मात्र दोन्हीकडून यायचा-जायचा. पण पहिली ज्योत त्याचीच. मला ही गोष्ट विचित्र वाटायची. त्याला वाटायची नाही.

पहिल्या दसऱ्याला मी सुट्टीत घरी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा घरी आला तो उजवा हात ओल्या फडक्यात गुंडाळून. एक भुवई जळालेली. टॉर्च दिव्याशी नेली आणि ज्योत थुंकली. पेटते थेंब हातावर, अंथरलेल्या धोतरावर. चावी सिलिंडरवरच होती म्हणून त्याला गॅस लगेच बंद करता आला. नाहीतर ही आठवण मी लिहीत बसले नसते, दुसरंच काही लिहिलं असतं.

मिस्त्रीकाका मागोमाग आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी सांगितलंच पाहिजे. "नजर लागली पोट्ट्याले," ते म्हणाले. "दुकानावर लिंबू बांधतो."

आई हळद कालवत होती, तिचा हात मी धरला आणि दादाला दवाखान्यात नेलं. चंद्रपूरला परतल्यावर गटातल्या एका जुन्या कारखाना-कामगाराला सगळं सांगितलं. त्याने मधेच विचारलं, "टाकी आडवी होती काय?" पुढचं मग त्याने सांगितलं, ते मी वर लिहिलंच आहे.

मी पत्रक लिहिलं. 'तुमच्या दुकानातला बॉम्ब!' असा मथळा. उन्हाळ्यात घेऊन गेले आणि दुकानात उभी राहून मोठ्याने वाचलं. आख जोडून घ्यायला आलेला एक शेतकरी म्हणाला, "बाई, बॉम्ब हाये तं मी माही बंडी घेऊन जातो." सगळे हसले. मिस्त्रीकाकांनी माझ्यासाठी चहा मागवला.

"पोरी, लिवलं झ्याक," ते म्हणाले. "पर हे काऊन लिवलं का झोपवू नका? तुले झोप लागते का नाई?"

"काका, मी टाकी नाही."

"माह्यासाठी ते बी लेकरूच हाये. सालभर उभं. एक दिवस बी आंग टेकवू देणार नाई तू?"

याला पत्रकातलं कुठलंच वाक्य लागू पडत नव्हतं. मी गोळीची सोडा-बाटली मागवली, आडवी धरून हलवली आणि तशीच गोळी दाबली. सोडा थेट काकांच्या सदऱ्यावर. त्यांना मजा वाटली. "अस्सं होते व्हय," म्हणाले, दुसरी बाटली मागवून स्वतः उडवून पाहिली. मग सदरा झटकत म्हणाले, "पर ही बाटली हाये बाई. हिची पूजा कोनी करते काय?"

त्या दिवशी घरी दादा माझ्यावर भडकला. इतका तो कधी बोलत नाही.

"तू दोन दिवस येतं, भासन देतं, जातं. मले तथीच राह्याचं हाये. उद्या लोक म्हनतीन का यायले आमची पूजाच नाई पायजे, म्हून बहीन आनली बोलाले. मंग मी कुठी जाऊ?"

"आणि हात पुन्हा जळाला तर कुठे जाशील?"

"मले माईत हाये माहा हात."

खरं तर दोघांचंही बरोबर होतं, आणि हीच अडचण होती. त्याला काम गमावायचं नव्हतं आणि मला भाऊ. धोका कुठल्या वर्गात बसतो ते मला पाठ होतं. मिस्त्रीकाकांच्या दुकानात आमच्या घरच्या माणसाने रीत मोडायला सांगणं कुठल्या वर्गात बसतं, ते दादाला पाठ होतं. मी पत्रकं पिशवीत घातली आणि गेले. जाताना त्याला एकच सांगितलं, थांबायला लागणारा वेळ. सकाळी उभं केलं तर दिवस कलेपर्यंत हात लावायचा नाही.

दुसऱ्या दसऱ्याला मी आले. खांडेनवमीला रस्त्यापलीकडून पाहिलं. धोतर अंथरलं होतं, दोन्ही सिलिंडरं आडवी, माळा, दिवा. दादा बाहेर खांबाला टेकून उभा. मला पाहून त्याने मान फिरवली. मी आत गेले नाही. गेले असते तर त्याला आणखी गोत्यात आणलं असतं.

दसऱ्यानंतरच्या सकाळी मात्र मी घरी बसू शकले नाही. पोचले तेव्हा सिलिंडरं उठवून उभी केलेली होती, दिवा तेवत होता आणि ट्रॉलीचा तुटलेला हूक घेऊन एक ट्रॅक्टरवाला दारात खोळंबला होता. कापसाचा हंगाम तोंडावर, त्याला घाई होती. मिस्त्रीकाका टॉर्च पुढे करून उभे. दादा बाकड्यावर बसलेला.

"चाल बे, पेटव. मुहूर्त चालला."

"आत्ता नाई पेटवत काका. सांजच्याले."

"काऊन? रुसला काय?"

"आडवं व्हतं ते. पातळ तोंडाशी आलं असन. बसू द्या खाली."

मिस्त्रीकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारातल्या तुटक्या हुकाकडे पाहिलं.

"मंग मीच पेटवतो," ते म्हणाले आणि सिलिंडरकडे वळले. चावी जागेवर नव्हती. दादाने हात खिशावर ठेवला.

"चावी दे."

"सांजच्याले देतो."

"दुकान माहं हाये का तुहं?"

"तुमचंच हाये काका." त्याने शर्टाची बाही वर केली. जळाल्याचा डाग गुळगुळीत, गुलाबी. "आन् हा हात माहा हाये. तुमी पेटवसान तं तुमचा जळन. मले ते बी नाई पायजे. काढून टाकाचं असन तं टाका. चावी सांजच्याले देतो."

ट्रॅक्टरवाला वैतागून म्हणाला, "अरे बाप्पा, तुमी चावी-चावी खेळा, माह्या हुकाचं काय?"

मिस्त्रीकाकांनी दादाच्या हातावरचा डाग पाहिला. मला वाटलं, आता संपलं. नोकरी गेली, आणि घरी वडील माझ्याकडे ज्या नजरेने बघतील तीही मला दिसायला लागली. काकांनी टॉर्च धोतरावर ठेवली. हूक उचलला, उलटसुलट पाहिला.

"याले भोक पाडून बोल्ट मारून देतो तात्पुरता," ते ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले. "वेल्डिंग सांजच्याले. गॅस झोपीतून उठलेला नाई अजून."

दिवसभर दुकानात हाताचंच काम झालं. डबा उघडल्यावर काकांनी लोणचं दादापुढे सरकवलं. ऊन कललं तसं दादाने खिशातून चावी काढून सिलिंडरवर बसवली. साबणाच्या पाण्याने जोड तपासले. एकही बुडबुडा नाही. टॉर्च दाराबाहेर नेली. दिव्याकडे न जाता लायटर मारला. आधी पिवळी, धुरकट, मग निळी, टोकदार ज्योत. काकांनी आतूनच तिला हात जोडले.

त्यानंतरच्या खांडेनवमीला सगळी हत्यारं धोतरावर झोपली आणि सिलिंडरं भिंतीला साखळीने बांधून उभी राहिली, माळा घालून. दिवा दूर, घणाच्या उशाशी. कुणी विचारलं की मिस्त्रीकाका सांगायचे, "घोडा उभ्यानं झोपते का नाई? हे तसंच हाये. झोपूनच राह्यलं, हात नोको लावू." हे वाक्य आजूबाजूच्या दुकानांत गेलं. माझं पत्रक गेलं नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, पण पुढच्या पत्रकावर मी घोडा काढला, उभा, डोळे मिटलेला. मथळ्यात बॉम्ब नाही.

सगळं सुधारलं असं कुणी समजू नये. ऑक्सिजनच्या तोंडाला तेलात कालवलेला शेंदूर लावणं अजून पुरतं थांबलेलं नाही. दाबातल्या ऑक्सिजनला तेल लागलं की पेट घ्यायला ठिणगीचीही वाट पाहावी लागत नाही. कागद अजून इंग्रजीत, पाटी अजून तेलुगूत. हे काम घोड्याने होणार नाही, त्यासाठी हैदराबादला बसलेल्यांच्या दारात उभं राहावं लागेल आणि आम्ही राहणार आहोत.

आणि दादा. त्याला त्या दिवसापासून चावी खिशात ठेवायची सवय लागली. टॉर्च पेटलेली असतानाही चावी खिशातच. मी सांगते, अरे, गॅस चालू असताना चावी सिलिंडरवरच पाहिजे, बंद करायची वेळ आली तर शोधत बसशील काय? हात जळाला त्या सकाळी तिनेच तुझा जीव वाचवला ना?

तो म्हणतो, "माह्या खिशात असली का मले झोप लागते."

आमचं सध्याचं भांडण यावर आहे. एक चावी मी तारेने सिलिंडरच्या गळ्याशीच बांधून आले आहे. पुढच्या वेळी गेले की ती तिथे आहे का, ते आधी बघणार, चहा मग.