गॅलरीत झोपा

तात्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली नाही. ओटीवरून उतरले, चिठ्ठी पायरीवर ठेवली, उडू नये म्हणून वर चिऱ्याचा एक तुकडा ठेवला आणि पुन्हा वर जाऊन बसले. आम्ही अंगणात उभे. मी, माझे बाबा आणि माझी नऊ वर्षांची पोरगी. बाबा वाकले. सत्तरीचा माणूस, गुडघे गेलेले, ती चिठ्ठी उचलायला वाकला.

मी ती घेऊन वाचली. ‘मंडळी तीन. दोन रात्री. गॅलरीत.’ गॅलरीत या शब्दाखाली दोन रेघा.

पोरीला कमी ऐकू येतं. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात लागोपाठ दोन दिवस तिची तपासणी होती. तारीख मिळायलाच जवळजवळ वर्ष गेलं होतं. नवरा बोटीवर, म्हणजे सगळं माझ्यावर. आठवडाभर मी मोबाइलवर लॉज बघत होते. फोटोत पांढऱ्याशुभ्र चादरी. भाडं ऐकलं की मी फोन ठेवून द्यायचे. परवडणारं एक सापडलं, तर म्हणाले, फॅमिली घेत नाही. दिराचं घर विरारच्याही पुढं, तिथून सकाळी सातच्या रांगेत कसं पोचणार? आमच्या वाडीची मुंबईतली खोली होती, ती चाळच पाडली. राहिली गावाची खोली. परळला, इस्पितळापासून चालत दहा मिनिटं. मंडणगडाकडच्या आमच्या गावातलं कुणीही मुंबईला गेलं की तिथंच उतरतं. फक्त गावाच्या मंडळाची चिठ्ठी लागते आणि मंडळाचे अध्यक्ष म्हणून चिठ्ठ्या तात्या देतात. खोलीच्या दारावर पाटी आहे, ‘समस्त ग्रामस्थ’. आम्ही बौद्धवाडीतले. समस्तात आम्ही बसतो की नाही, ते त्या दिवशी कळलं.

“तात्या, गॅलरीत का?” मी विचारलं.

“खोलीत गावदेवीचा फोटो हाय. तुमाला काय नवीन सांगायचं?”

“पोरीला घेऊन उघड्यावर झोपू?”

“उन्हाळाच हाय. वारा लागंल.” ते हसले.

बाबा म्हणाले, “चालंल तात्या. दोनच तर रात्री.” आणि त्यांनी हात जोडले. तात्यांच्या हसण्यापेक्षा त्या जोडलेल्या हातांची मला जास्त चीड आली. त्या खोलीची लादी याच हातांनी बसवली आहे. बाबा गवंडी. पंधरा दिवस त्या खोलीत ओणवे होते. देवीच्या फोटोखालची लादीसुद्धा त्यांनीच घासून चकचकीत केली. तेव्हा देवी बाटली नाही. तेव्हा काम होतं ना.

हे सगळं मी बोलले. मोठ्यानं बोलले. शेजारपाजारची माणसं बाहेर आली.

तात्यांचा मुलगा घरातून आला. दहावीपर्यंत माझ्याच वर्गात होता. म्हणाला, “आवाज खाली. कुणाच्या अंगणात उभी हायस?” आणि मला ढकलायला पुढं झाला. बाबा मधे पडले. त्यानं बाबांना मानगुटीला धरून पायरीवर आपटलं. कपाळ फुटल्याचा आवाज मी ऐकला. रक्त डोळ्यांत, दाढीत, सदऱ्यावर. माझ्या पोरीला ऐकू कमी येतं, पण दिसतं सगळं. ती किंचाळत राहिली.

पायरीवरचा तो चिऱ्याचा तुकडा मी उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. पुढचे दात गेले. तो तोंड धरून खाली बसला. मी पुन्हा हात उचलला, तर तात्या धावत उतरून माझ्यापुढं हात जोडायला लागले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? खूप बरं वाटलं. आजीपासूनचं काहीतरी त्या एका फटक्यात बाहेर पडलं. मग लोकांनी मला धरलं.

मी जातीवरून अपमानाची आणि मारहाणीची तक्रार दिली. त्यांनी माझ्यावर दिली.

तिसऱ्या दिवशी गावातले चौघे आमच्या पडवीत आले. जन्मात पहिल्यांदा आमच्या घरचा चहा प्यायले. एकजण म्हणाला, “खोली तुझी. आत झोप, पायजे तर देवीसमोर झोप. तू तक्रार मागं घे, आमी आमची घेतो.” बाबांच्या कपाळावर सहा टाके होते. तरी ते म्हणाले, “घे गो बाय. पोरीची तारीख हाय.”

क्षणभर मी डळमळले. पोरगी समोर होती, सगळ्यांच्या ओठांकडं बघत. मी नाही म्हणाले. चहाचे कप उचलले आणि आत गेले.

तारखेला आम्ही गेलो. मी आणि पोरगी. इस्पितळाबाहेरच्या फुटपाथवर राहिलो, तिथं राहणाऱ्या इतर लोकांबरोबर. पोरीला ताप भरला. तशीच तिला दोन्ही दिवस रांगेत उभी केली. हे माझ्या जिवाला लागलंय आणि ते मी विसरणार नाही.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. नवरा फोनवर विचारतो, तुला आत टाकलं तर पोरीचं काय? टाकू देत. दात पाडलेत, शिक्षा भोगीन. माझी तक्रार मागं घेणार नाही. पोरीचं ऑपरेशन ठरलंय. त्या वेळी आम्ही गावाच्या खोलीत उतरणार आहोत. आत. चिठ्ठी न घेता. तात्यांना तसा निरोप धाडलाय. दार उघडलं नाही, तर मी ते तोडणार आहे.