ओव्याची डबी

स्टाफरूममध्ये किस्से साचायला वेळ लागत नाही. कुणी आवरत नाही, म्हणून ते जुन्या उत्तरपत्रिकांसारखे कपाटावर चढत जातात. पांढुर्ण्याच्या आमच्या शाळेत गेल्या दीड वर्षात साचले ते सगळे वंदनाच्या पथ्याचे. वंदना आमची मराठीची बाई. अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, किमो, सगळं आटोपून ती परत रुजू झाली आणि तिची तब्येत सांभाळायचा विडा आम्ही उचलला. हे किस्से मी हसत सांगते खरी, पण सांगून झाल्यावर तोंड लपवावंसं वाटतं.

*

डॉक्टरांनी प्रोटीन वाढवायला सांगितलं म्हणून पहिल्याच आठवड्यात वंदनानं डब्यात दोन उकडलेली अंडी आणली. गणिताचे ढोबळे सर खुर्चीतून उठलेच!

"अवं बाई, आजार अंडाशयाचा न तुम्ही अंडे खाऊन राहिल्या? तेच्यानंच तर झालं असंन!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कारण मी विज्ञान शिकवते. प्रजननसंस्थेचा धडा दरवर्षी मीच घेते. आणि मी काय म्हणाले? "काही दिवस नाही खाल्ले तर काय बिघडते?" भरल्या स्टाफरूममध्ये, सरांसमोर, अंडाशय म्हणजे काय हे सांगायची मला लाज वाटली.

वंदनानं शांतपणे दुसरं अंडं सोललं. "पोरायलेही असंच शिकवून राहिली का वं?"

*

मग चालणं. रोज अर्धा तास. एकटी कशी सोडायची, म्हणून स्टाफमधल्या आम्ही तिघी बायका सोबत निघालो. जाम नदीचा पूल ओलांडून सावरगावपर्यंत जायचं आणि परत. परतीच्या वाटेवर तर्री-पोह्यांचा ठेला लागतो. पहिल्या दिवशी "आज सुरुवात आहे" म्हणून थांबलो, दुसऱ्या दिवशी "आज गुरुवार आहे" म्हणून. तिसऱ्या दिवसापासून कारण लागलंच नाही. वंदना पाण्याची बाटली घेऊन बाजूला उभी.

महिनाभरात तिचं वजन डॉक्टरांना हवं तिथं आलं. आमचं... जाऊ द्या!

एक दिवस ती म्हणाली, "माह्या डॉक्टरनं मले चालाले सांगतलं. तुमचा डॉक्टर कोण आहे वं? मलेही तोच पाह्यजे!"

*

सौंसरहून तिच्या भावानं बागेतल्या संत्र्यांची पेटी पाठवली. बहिणीनं भरपूर फळं खावीत म्हणून. पेटी शाळेत उघडली आणि मीच म्हणाले, "आंबट आहे, तुह्या टाक्यायले बरं नाही." हे कुठल्या पुस्तकात आहे ते मला अजून सापडलेलं नाही. मधल्या सुट्टीत पेटी निम्मी झाली.

"टाके माहे, भाऊ माहा, न संत्री तुमची!" वंदना म्हणाली, आणि उरलेली पेटी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

*

आता डबीचं सांगते. माझ्या ड्रॉवरमध्ये भाजलेल्या ओव्याची डबी असते. कुणाचं पोट बिघडलं की माझ्याकडे येतात, आणि त्याचा मला केवढा अभिमान! वंदनाचा आजार कळायच्या आधी ती सारखी म्हणायची, "दोन घास खाल्ले की पोट भरते. परकरची गाठ काचते." मी म्हणायचे, "गॅस आहे. वय झालं न आपलं. ओवा खा."

चार महिने. रोज माझ्या हातानं तिच्या तळहातावर चिमूट ठेवली. ती डॉक्टरकडे जाते म्हणाली, तेव्हाही मीच हसले होते.

यात हसण्यासारखं काही नाही. हा किस्सा मी आजवर कुणाला सांगितला नव्हता. वंदनानंही कधी विषय काढला नाही. आणि डबी मी फेकलीसुद्धा नाही.

*

मागच्या महिन्यात तिच्या तपासणीला नागपूरला मी सोबत गेले. नवीन डॉक्टरबाई फाइल चाळत म्हणाल्या, "चार महिने पोट फुगत होतं, तरी दाखवलं नाही? काय घेत होतात?"

मी फरशीकडे पाहू लागले. निघताना ड्रॉवरमधून उचललेली डबी पर्समध्येच होती.

"काही नाही मॅडम," वंदना म्हणाली. "शाळेत परीक्षा होत्या."

रिपोर्ट चांगले आले. बाहेर बाकावर बसल्यावर मला रडू येत होतं. सवयीनं डबी काढली आणि चिमूटभर ओवा तोंडात टाकला.

"काहून वं?" वंदनानं विचारलं.

"काही नाही, गॅस. पोट भरल्यासारखं वाटून राहिलं."

"कधीपासून?"

"असंन... दिवाळीपासून."

ती उठली, नोंदणीच्या खिडकीवरून कोरा फॉर्म आणला आणि माझं नाव, वय भरलं. 'सध्या चालू असलेली औषधे' या रकान्यापाशी थांबली. माझ्या हातातली डबी काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि फळ्यावर लिहितात तशा ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'ओवा.'