चुंबळीतला गूळ

आमच्या घरात सासूचा एक कायदा होता. पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला निघालेल्या बाईने भवानी होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. पहिला मासा विकला, आलेला पैसा कपाळाला लावला, की मग काय हवं ते खा. त्याआधी खाल्लं तर दिवसभर गिऱ्हाईक पाठ फिरवतं, असं सासू सांगायची आणि तिला ‘का’ म्हणून विचारायची कुणाची टाप नव्हती. सगळ्या कोळीवाड्यात असं होतं का, ठाऊक नाही. आमच्या घरात होतं.

त्या कायद्याखाली राबायची ती माझी थोरली जाऊ. रेवदंड्याच्या खाडीकाठी त्या घरात मी लग्न होऊन आले तेव्हा मला लुगडंसुद्धा धड नेसता येत नव्हतं. तिनेच नेसवलं, तिनेच मासळी खारवायला शिकवलं. मी तिला बाय म्हणायचे. सुकवणं नि रांधणं माझ्याकडे, बाजार तिच्याकडे. होड्या किनाऱ्याला लागल्या की ती पाटी भरायची आणि चौलच्या वाटेला लागायची. चालायची कसली, पळायचीच. ऊन चढायच्या आत मासळी दारोदार पोचली पाहिजे. तिच्या भरदार पोटऱ्या बघून मी म्हणायचे, “बाय, तुला होडीला जुंपली तं शिडाची गरज न्हाय.” ती ओल्या हाताची चापट मारायची.

बऱ्या वर्षांत हा कायदा कुणाला जाचला नाही. चौलच्या पहिल्याच वाडीत भवानी व्हायची आणि तिथल्या विहिरीवर बसून ती भाकरी खायची. मग एकोणीसशे तिसाच्या पुढची ती मंदी आली. लोक मासा हातात घेत, कल्ले उघडून बघत आणि परत पाटीत ठेवत. भवानी लांबत गेली. चौल मागे पडून नागाव जवळ आलं तरी भाकरी फडक्यात तशीच. त्यातच तिला मूल झालेलं, अंगावर पिणारं. रिकाम्या पोटी पळायचं आणि घरी येऊन पाजायचं, असा तिचा दिवस.

आम्हा कोळणींच्या डाव्या हातातच बांगड्या. उजव्या हातातल्या लग्नात, नवऱ्याला सांभाळ म्हणत, दर्याला दिलेल्या. पाटी सावरायला ती डावा हात वर करी, तेव्हा बांगड्या पूर्वी मनगटाजवळच अडायच्या. आता त्या कोपरापर्यंत घरंगळू लागल्या. शिमग्याला कासार आला, तेव्हा तिला आधीपेक्षा लहान माप बसलं. “हात पोरीसारखा झालाय,” कासार म्हणाला. सगळ्या हसल्या, तीही हसली. मला हसू आलं नाही.

उतारवयात मी नातीजवळ वाचायला शिकले. तिच्या शाळेच्या पुस्तकात होतं, माणूस धावतो, राबतो, तेव्हा शरीर अन्नातली साखर जाळतं. थोडी साखर ते स्नायूंत नि यकृतात साठवूनही ठेवतं. ती सरली की भिस्त चरबीवर, आणि खाणं असंच कमी पडत राहिलं तर अंगातलं मांससुद्धा जाळतं. मी पुस्तक मिटलं. एवढं कळायला मला पुस्तक कशाला हवं होतं? मी ते डोळ्यांनी बघितलं होतं. आधी तिचे गाल गेले, मग दंड, मग त्या पोटऱ्या. सरपण संपलं की माणूस दाराची फळी फोडून चुलीत घालतो, तसं चाललं होतं.

सासूशी एकदा बोलून बघितलं. ती म्हणाली, “मी पन जलमभर असंच केलं. मेले का मी?” तिथेच विषय संपला. मग मी पाटीखालच्या चुंबळीत, कापडाच्या घडीत, गुळाचा खडा लपवून बांधू लागले. वाटेत पाटी उतरवली की तिच्या हाताला लागेल. तिथे बघायला सासू थोडीच येणार.

पहिल्या दिवशी ती परत आली, तर गूळ घामाने पाघळून कापडाला चिकटलेला. तिने तो बोटाने खरवडला आणि माझ्याच तोंडात घातला.

“बाय, खाल्ला का न्हाय?”

“भवानी झाली नव्हती. पाटी भरलेली परत आली तं घर काय खाईल? माज्या तोंडापायी सगल्यांना उपाशी ठेवू?”

मी रोज खडा बांधायचे आणि रोज तो परत यायचा. तिला त्याची गंमत वाटायची. मला संताप यायचा.

वैशाखात एका दुपारी बैलगाडी दाराशी थांबली. नागावच्या अलीकडे ती घेरी येऊन पाटीसकट कोसळली होती. रोज तिच्याबरोबर बाजाराला जाणारी शेजारची काकी तिचं डोकं मांडीवर घेऊन गाडीत बसली होती. आम्ही पेज भरवली, गूळपाणी पाजलं. बरंचसं ओठांवरून ओघळलं. मुलाला एकदा जवळ घेतलं तिने, आणि दोन-तीन दिवसांत गेली. वैद्य म्हणाला, ऊन लागलं. असेलही.

सासूने ऊर बडवून घेतला, आणि ते रडणं खोटं नव्हतं. पण रडता रडता ती म्हणाली, “माजी सून सत्त्वाची, भवानीआधी पान्याचा घोट घेतला न्हाय कदी.” मला तिथे बसवेना. उठून मागच्या दारी गेले. तिथे ती पाटी पडली होती. चुंबळ सोडून बघितली, तर गूळ नव्हता. ती कोसळली तेव्हा वाटेतच पडला असेल, असं मी धरून चालले.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या आणि बाजार माझ्याकडे आला. मूल तर आधीच माझ्या मांडीवर आलं होतं. पहिल्या दिवशी चौल मागे पडल्यावर काकी एका वडाखाली थांबली. मला पाटी उतरवायला लावली.

“घरात बोलू नको,” ती म्हणाली. “त्या दिशी ती हितं बसली. पाय उचलंनात. चुंबळ सोडली नि तुझा गूळ खाल्ला. भवानी झाली नव्हती. म्हनली, सासूला सांगू नको, तिला वाईट वाटंल.”

माझ्या डोळ्यांना धार लागली. इतके महिने जळत आलेल्या अंगाला एक खडा काय पुरणार होता? तरी मी विचारलं, “अजून काय म्हनली?”

“म्हनली, गोड हाय.”

माझीही भवानी व्हायची होती. मी फडकं सोडलं, भाकरी काढली आणि तिथेच बसून खाल्ली. सगळी खाल्ली.