सत्यवानाचे हात अडखळले

माझ्या भावाचं नाव सत्यवान. हे आधीच सांगून ठेवते, कारण उभ्या गावात त्याला त्या नावानं कुणी हाक मारली नाही. 'मुको'. जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलणं नाही, म्हणून मुको. झालं! बारशाला ठेवलेलं नाव फुकट गेलं.

घरात मात्र तो अखंड बडबडायचा, हातांनी. नाकावर बोट ठेवलं की आई, तिच्या नथीवरून. खांद्यावरून वेणी ओढल्यासारखं केलं की मी, मथुरा. आमचा बैल, पाऊस, शेजारच्या जयरामच्या मिशा, सगळ्यांसाठी त्याच्याकडे खुणा होत्या. आणि रागावला की डोळे घट्ट मिटून घ्यायचा. मग तुम्ही करा काय हातवारे करायचे ते, ऐकतो कोण?

हुतुतूत तो पट्टीचा. पण तोंडातून 'हुतुतू' निघेना, म्हणून चढाईला त्याला कधीच पाठवलं नाही. तो फक्त पकडायचा. समोरच्याचा दम त्याला ऐकू यायचा नाही, म्हणून तो त्याच्या पोटाकडे बघायचा. दम संपत आलासा दिसला की खाली वाकून मुसंडी मारायचा नि पाय धरायचा. डोकं सगळ्यात पुढे. लोकांच्या टाळ्या त्याला कुठल्या ऐकू यायला? पण जिंकल्यावर कप्तान जयराम त्याला खांद्यावर घेऊन नाचायचा, तेवढ्यासाठी तो जीव टाकायचा.

अठ्ठावन्न साल असेल. मी लग्न होऊन कट्टा गावी आलेली. तिथंच सामने होते, भातकापणी झालेल्या शेतात, जमीन नुसती दगड. पहिल्या दिवशी शेवटच्या पकडीला समोरच्याचा गुडघा सत्यवानाच्या कानशिलावर बसला. तो आडवा झाला. तोंडावर पाणी मारलं, उठवून उभा केला, सामना जिंकला. संध्याकाळी माहेरची पोरं त्याला माझ्याकडे मुक्कामाला सोडून गेली. दुसऱ्या दिवशी ढालीचा, म्हणजे शेवटचा सामना होता.

जेवायला बसला नि सगळा भात ओकला. मी खुणेनं विचारलं, काय होतंय रे? त्यानं माझ्याकडे बघत नाकावर बोट ठेवलं. आई! आई तर कधीच गेलेली. मग हात खांद्याकडे निघाला, वेणीकडे, नि अर्ध्यावरच लोंबकळला. पुढं कुठं जायचं ते हाताला आठवेना.

सकाळी जयराम त्याला न्यायला आला. मी म्हटलं, "तेचे हात अडखळतत रे, तोतऱ्यासारखे. डोक्याक लागला तेच्या."

हसला मेला! "मुको तोतरो कसो होतलो गो?"

मीच हट्ट धरला, म्हणून डॉक्टरकडे नेला. डॉक्टर शुद्ध मराठीत बोलला, तेही जयरामशी. "नाव सांगतो का? आज वार कोणता, सांगतो का?"

"तो मुका आहे, साहेब."

"मग ठीक आहे."

काय ठीक? ज्याला विचारायचं त्याला विचारलंच नाही, नि ठीक! उठताना सत्यवान दाराच्या चौकटीवर आपटला. मी ते दाखवलं, तर म्हणे, "बहिऱ्यांचा तोल असाच असतो, बाई." असाच? डोक्यावर गवताचा भारा घेऊन शेताच्या बांधावरून धावणारा माणूस तो! बहिरा म्हणून झोकांड्या खातो, मुका म्हणून खुणा चुकतो. काही झालं की ढकला त्यातच, नि हात झटका. मी ओरडून सांगितलं. डॉक्टरनं पुढच्याला आत बोलावलं.

दुपारी मी चुलीवरची आमटी तशीच टाकून मैदानावर गेले. सत्यवान लंगोट कसून उभा होता, पण उन्हात डोळे उघडता येत नव्हते त्याला. जयरामचा हात त्याच्या खांद्यावर. मी सरळ आत शिरले नि मधल्या रेघेवर फतकल मारून बसले.

"उठ गो हयसून!" जयराम खेकसला.

"तेका भायर काढ, मगे उठतंय. परत डोक्याक मार बसलो तर मरतलो तो! खेळूचा आसा तर माका मारा नि मगे खेळा!"

लोकांनी काय काय शिव्या घातल्या! जयरामकडे दुसरा गडी होता, पण मुक्याशिवाय तो उतरेना, नि मी उठेना. शेवटी पंच कंटाळले आणि ढाल समोरच्यांना देऊन मोकळे झाले. माहेरची माणसं माझ्या दारावरून थुंकत गेली. सासूनं माझ्याशी बोलणं टाकलं.

सत्यवानाला मी अंधाऱ्या खोलीत निजवला, पेज पाजली. आणि तो बरा झाला. तेच तर माझं चुकलं म्हणायचं! आजही गावात म्हणतात, "मुक्याक काय झाला होता? काय्येक नाय. मथुरान ढाल घालवली." तो मेला असता, तर मी खरी ठरले असते. जळो मेलं ते खरं ठरणं!

ज्या सकाळी बरा झाला, त्या सकाळी मी पेज घेऊन आत गेले, तर हा उठून बसलेला, डोळे वटारून. हात सपासप चालायला लागले. तू कोण मला खेळातून उठवणारी? मला विचारलंस? मी काय बैल आहे, दावं धरून ओढायला?

माझं डोकंच फिरलं. पेज खाली आपटली नि उत्तर द्यायला हात उचलले, तर यानं डोळे घट्ट मिटून घेतले. मी तिथंच उभी राहून मोठमोठ्यानं त्याला शिव्या घातल्या, त्याला ऐकू येत नाही हे माहीत असून. शिव्या घालता घालता रडायला लागले. 'तू कोण' म्हणताना त्यानं खांद्यावरून वेणी बरोबर ओढली होती.